कोर्सचे पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याची तपासणी: सात महिन्यांचा अनुभव

धायरीत घरून भाजणी, मेतकूट आणि चटण्या करते. माल पुण्याबाहेर जावा म्हणून गेल्या वर्षी ऑनलाइन विक्रीच्या एका कोर्सला 35 हजार भरले. कुरियरमध्ये पाकिटं फुटून परत येतात, काय करू, असं विचारलं तर उत्तर मिळालं, 'माइंडसेट बदला.' त्या माणसाने स्वतः एक पाकीटही विकलेलं नव्हतं. पैसे यूपीआयने त्याच्या खासगी खात्यात गेले होते, बिल नाही. फार मनस्ताप झाला.

तेव्हापासून तपासल्याशिवाय रुपयाही देत नाही. सात महिन्यांत नऊ जण तपासले.

आधी जीएसटी नंबर मागते. पोर्टलवर तो टाकला की नोंदणीची तारीख, धंद्याचं स्वरूप, रिटर्न भरलेत का, सगळं फुकट दिसतं. आपल्याकडे सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची. मग 'कोचिंगमधून महिन्याला 10 लाख कमावतो' म्हणणाऱ्याकडे नंबर कसा नाही? असे दोघे निघाले.

खरा उपयोग झाला तो कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलचा. कंपनी कधी स्थापन झाली हे तिथे फुकट कळतं, 100 रुपये भरले की ताळेबंदही उघडतो. आमच्या सोसायटीतल्या सीए काकांनी शेवटच्या टिपा वाचायला शिकवलं. मालाची विक्री आणि सेवांचं उत्पन्न तिथे वेगवेगळं दाखवतात. 'दहा वर्षं ब्रँड चालवतोय' म्हणणाऱ्या एकाची कंपनी अडीच वर्षांची होती आणि मालाची विक्री शून्य. सगळी कमाई शिकवण्याची! हे बघून मला रडूच आलं, कारण माझे 35 हजार अशाच कुणाच्या तरी उत्पन्नात जमा झाले होते.

पोर्टल मात्र रडतखडत चालतं, आकडे जुन्या मार्चचे असतात, आणि एकट्याच्या मालकीचा धंदा तिथे सापडत नाही.

शेवटी कोर्स घेतला तो लोणची विकणाऱ्या एका ताईंचा, 4,500 रुपयांचा. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा, 14 आकडी नंबर त्यांनी आपणहून दिला, पक्कं बिलही दिलं. त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थिनींशी मी फोनवर बोलले, कारण शिकवतात कसं ते कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही. ताईंनी पहिल्याच दिवशी पाकीट हातात घेऊन सीलची पट्टी किती रुंद हवी ते दाखवलं. दिवाळीत नागपूरला 62 पाकिटं गेली, एकही फुटलं नाही.