लोणार: काठावरून परतू नका, धारेपासून उतरा

लोणारचं तळं उल्का आदळून झालेल्या विवरात आहे. इथे येणारे बरेच जण विवराच्या काठावर फोटो काढून परततात. तेवढ्यासाठी मेहकरहून एवढी वाट कशाला वाकडी करायची? इथलं खरं नवल विवरातल्या झऱ्यात, म्हणजे धारेत आहे.

सुरुवात गोमुखापासून करा. काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरलेलं पावसाचं पाणी विवराच्या उतारावर फुटतं. हीच धार, बारमाही आणि गोड्या पाण्याची. तेच पाणी तळ्यात उतरलं की सोड्यासारखं खारं होतं. १.८ किलोमीटर रुंदीच्या या खोलग्यातून पाण्याला बाहेर वाटच नाही. ऊन पाणी नेतं, क्षार मागे ठेवतं. ताडून पाहायचं तर कपात तळ्याचं पाणी घेऊन चिमूटभर हळद कालवा, लाल होते. धारेच्या पाण्यात पिवळीच राहते. कप परत आणा, आणि धारेवर साबण नको, तो थेट तळ्यात जातो.

गुलाबी तळ्याच्या आशेनं मात्र येऊ नका. जून २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला, मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावले, म्हणून तो रंग आला होता. उलट पाऊस जास्त झाला की तळं चढतं, काठची पायवाट बुडते, कमळजादेवीच्या देवळापर्यंत पाणी येतं. त्यामुळे वाट सुरू आहे का, हे उतरण्याआधीच विचारून घ्या.

विवराची खोली सुमारे १३७ मीटर. उतरणं सोपं, चढण घाम काढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यात दिवस उगवताच उतरा आणि नऊच्या आत वर या. माणशी दोन लिटर पाणी सोबत हवंच. चप्पल नको, वेड्या बाभळीचा काटा तळव्यातून आरपार जातो. काठचा पांढरा थर टणक दिसतो, पण खाली काळा चिखल असतो. पाय घोट्यापर्यंत रुततो, वर सडक्या अंड्यासारखा वास. प्रसादाची पिशवी हातात दिसली की वानरं सोडत नाहीत.

जेमतेम पावणेचार चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. २००० साली घोषित झालं, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. मोर हमखास दिसतात. चिंकारा दिसला तर नशीब.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो वेड्या बाभळीपायी: तिनं देशी झाडांची जागा बळकावली आहे. वर आल्यावर पाय उचलत असतील तर गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ पाहा; उन्हातही आतला दगड गार लागतो.