चालोंगच्या धक्क्यावर बदललेली यॉट

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने मला यॉटचा एक फोटो पाठवला आणि विचारलं, "ही कशी वाटते गं? फेब्रुवारीत थायलंडला, फुकेतला जातोय आम्ही." पांढरीशुभ्र कॅटामरान (दोन सांगाडे जोडून केलेली यॉट), पुढे ताणून बांधलेली जाळी, तिच्यावर पहुडलेली दोन माणसं आणि खाली काचेसारखं निळं पाणी. फोटो पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. याच फोटोवर भुलून गेल्या डिसेंबरात आम्ही ४२,००० बाथ घालवले होते. इतके दिवस घरच्यांशिवाय कोणाशी बोलले नव्हते, पण आता सगळं सविस्तर लिहिते आहे. फुकेतच काय, कुठल्याही उष्ण किनाऱ्यावर "फक्त तुमच्यासाठी" म्हणून यॉट घेणार असाल, तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली होती. आई, बाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं, आम्ही तिघं आणि मावशी-काका असे आम्ही ११ जण निघालो होतो. आईला समुद्र फार आवडतो, पण गर्दीच्या बोटीत बसायची तिला धास्ती वाटते. एक दिवस तरी तिला आपल्या माणसांत, शांतपणे समुद्रावर न्यावं एवढीच माझी इच्छा होती. शोधाशोध, बोलणी, पैसे सगळं माझ्याकडे होतं.

डिसेंबर म्हणजे तिकडचा ऐन हंगाम. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अंदमान समुद्र खवळलेला असतो, नोव्हेंबरपासून तो निवळतो आणि सगळ्यांनाच बोटी हव्या असतात. दोन-तीन ठिकाणी विचारलं तर दिवसभराच्या कॅटामरानचा भाव ५५,००० बाथच्या पुढेच. इन्स्टाग्रामवरच्या एका पानाने ४२,००० सांगितले. हा आकडा नीट लक्षात घ्या. त्यांनी २०,००० सांगितले असते तर मला तेव्हाच शंका आली असती. त्यांनी भाव असा ठेवला होता की आपल्याला चांगला सौदा मिळाल्याचं समाधान वाटावं आणि संशय येऊ नये.

बोलणारा माणूस अतिशय अदबीचा होता. मेसेज टाकला की पाच मिनिटांत उत्तर. आई-बाबांची नावं विचारून घेतली, केकवर काय लिहायचं ते विचारलं, आईला बोट लागते म्हटल्यावर "मधल्या भागात बसवू, तिथे हेलकावे कमी लागतात" असंही सांगितलं. मला वाटलं, किती जाणकार माणूस आहे. बोटीचे आणखी फोटो मागितले तर सोफा, स्वयंपाकघर, शॉवर असे बारा-पंधरा फोटो पाठवले. एकाही फोटोत बोटीचं नाव नव्हतं. यॉटचं नाव बहुधा मागच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि प्रत्येक फोटोत नेमका तेवढाच भाग कापलेला होता. हे मला आज दिसतं.

आणखी एक खूण मी डोळ्यांसमोर असून सोडली. कार्यक्रमात लिहिलं होतं, "माया बेमध्ये नांगर टाकून पोहणे." फी फी बेटांमधला हा उपसागर पर्यटकांच्या गर्दीने पार खराब झाला, प्रवाळ मेलं, म्हणून थायलंडने तो जून २०१८ मध्ये बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला. उघडला, पण बोटींना आत मज्जाव केला. मागच्या बाजूला, लो समाकडे उतरायचं आणि चालत किनाऱ्यावर जायचं. दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तर तो पूर्ण बंद असतो. या समुद्रावर रोज बोट नेणाऱ्याला हे माहीत नसणं शक्य नाही. मी दहा मिनिटं वाचलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं की हा माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा त्याचा बोटीशी काही संबंधच नाही.

पैशांचं असं झालं. निम्मे, म्हणजे २१,००० बाथ अ‍ॅडव्हान्स. कार्डाने देते म्हटलं तर वर चार टक्के लागतील, त्यापेक्षा बँकेतून पाठवा म्हणाला. खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं. विचारल्यावर म्हणाला, मालकाचं आहे, कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे. मी ते मान्य केलं. ठरल्याप्रमाणे उरलेले पैसे बोटीवर द्यायचे होते, पण निघायच्या तीन दिवस आधी मेसेज आला की हंगाम आहे, दुसरं गिऱ्हाईक पूर्ण पैसे घेऊन तयार आहे, आज रात्रीपर्यंत बाकी पाठवलीत तरच तारीख राखता येईल. आमची तिकिटं झालेली, हॉटेल झालेलं, आईला सांगून झालेलं. मी पाठवले. बोट दुरूनही पाहिली नव्हती आणि सगळेच्या सगळे पैसे त्याच्या हातात गेले होते.

सकाळी आठला फुकेतमधल्या चालोंगच्या धक्क्यावर बोलावलं होतं. आम्ही पावणेआठला हजर. आईने खास घेतलेली रुंद काठाची पांढरी टोपी घातली होती, मुलांनी आजी-आजोबांसाठी कार्ड केलं होतं. साडेआठ झाले, नऊ झाले, फोन लागेना. सव्वानऊच्या सुमाराला एक पोरगा हातात कागद घेऊन आला, माझं नाव वाचलं आणि म्हणाला, तुमच्या यॉटचं इंजिन रात्री बिघडलं, दुसरी बोट दिली आहे, "सेम सेम." ती सेम सेम बोट म्हणजे ताडपत्रीच्या छपराची, लाकडी बाकांची जुनी मोटरबोट. जाळी नाही, सोफा नाही, आत वाकून शिरावं लागेल असं शौचालय. मी पैसे परत मागितले. तो शांतपणे म्हणाला, ४८ तासांच्या आत रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत.

मला सगळ्यात जास्त याच क्षणाबद्दल सांगायचं आहे. आम्ही अडाणी नव्हतो. दादा आणि मी दोघंही रोज करारमदार वाचणारी माणसं. पण धक्क्यावर ऊन चढत होतं, मुलं कंटाळली होती आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कळू नये म्हणून मी हसून बोलत होते. एवढ्यात बाबा म्हणाले, "चल गं, समुद्र तर तोच आहे ना." आणि आम्ही चढलो. या लोकांचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा आहे. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाचा हनिमून, कोणी आई-वडिलांना पहिल्यांदा परदेशी आणलेलं असतं. तो दिवस आपल्या हाताने नासवायला कोणी धजत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर ते आधीच विचारून घेतात, काय साजरं करताय?

बोट सुटल्यावर मी लाइफ जॅकेट मागितली. बाकाखालून नऊ निघाली. आम्ही ११. मुलांच्या मापाचं एकही नव्हतं. माझ्या सात वर्षांच्या मुलीला मोठं जॅकेट घातलं तर ते तिच्या कानांपर्यंत वर सरकत होतं. पाण्यात पडली असती तर ती खालून सटकली असती आणि जॅकेट तेवढं तरंगत राहिलं असतं. काकांच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं, पट्ट्याला कोणीतरी नायलॉनच्या दोरीची गाठ मारून ठेवली होती. ती गाठ पाण्याने आणि मिठाने इतकी घट्ट झाली होती की दादाला दातांनी सोडवावी लागली. त्या रात्री हॉटेलवर मी वाचलं की ५ जुलै २०१८ रोजी हवामानाचा इशारा असताना निघालेली फिनिक्स नावाची बोट राचा बेटाकडून याच चालोंगला परतताना वादळात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक गेले. मला झोप लागली नाही. पैसे गेले याचं दुःख कधीतरी ओसरेल, पण अपुरी जॅकेटं बघूनही मी "बोट मागे घ्या" म्हटलं नाही, याचं अजून ओसरलेलं नाही.

अर्ध्या तासाने तो पोरगा पुन्हा कागद घेऊन आला. फी फीला जायचं तर इंधनाचे ८,००० बाथ वेगळे, बुकिंगमध्ये फक्त जवळच्या कोरल आयलंड बेटापर्यंतचंच इंधन धरलंय. शिवाय राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क माणशी ४०० बाथ. हे शुल्क खरंच असतं, त्यात काही लबाडी नाही, पण आमच्या बुकिंगमध्ये "सर्व समाविष्ट" लिहिलं होतं. त्या बोटीतून फी फीपर्यंतचं ४०-४५ किलोमीटरचं उघडं पाणी कापायची माझी हिंमत नव्हती. आम्ही कोरल आयलंडवरच थांबलो. तिथे शेकड्याने स्पीडबोटी आणि माणसांची जत्रा. जी गर्दी आईला नको होती, नेमकी तीच.

बोट चालवणारा तांडेल मात्र भला माणूस होता. वयस्कर, इंग्रजी जेमतेम. दुपारी त्याने आमच्यासाठी स्वतःच्या डब्यातलं अननस कापलं आणि मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं, "मला एजंटचा फोन आज सकाळी सात वाजता आला. मला १२,००० मिळणार." म्हणजे रात्री बिघडलेली यॉट मुळात कधी नव्हतीच. पान चालवणारा दलाल, त्याच्याखाली दुसरा दलाल, त्याच्याखाली हा बिचारा तांडेल. मधले ३०,००० वरच्या वर.

शेवटचा फटका परत आल्यावर. सकाळी "प्रवाशांची नोंद करायची आहे" म्हणून त्या पोराने दादाचा पासपोर्ट घेतला होता. नोंदीसाठी नाव आणि पासपोर्ट क्रमांक मागतात, ते ठीक आहे. पण मूळ पासपोर्ट आपल्या हातातून जाता कामा नये. धक्क्यावर उतरलो तर बाकाचं रेक्झिन फाटलंय म्हणून १०,००० बाथ भरा आणि पासपोर्ट न्या. रेक्झिनच्या त्या फाटीवर जुनी चिकटपट्टी होती, तिच्या कडांना काळा मळ धरलेला. पण आम्ही चढताना बोटीचा एकही फोटो काढला नव्हता, सगळे आई-बाबांचे काढले होते. मावशी घाबरून पर्स उघडायला लागली तेव्हा वहिनी पुढे झाली. तिने थायलंडच्या पर्यटन पोलिसांचा ११५५ हा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, त्या पोराने तो ऐकला आणि मुकाट्याने पासपोर्ट बाकावर ठेवून चालता झाला. हा नंबर फुकेतला उतरल्या उतरल्या फोनमध्ये घालून ठेवा.

पैसे मिळाले नाहीत. कार्डाने दिले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे दाद मागून व्यवहार उलटवायचा प्रयत्न करता आला असता. स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेल्या पैशाला तो मार्ग नाही, बँकेतल्या बाईंनी मला हे फार सौम्यपणे समजावलं. ते चार टक्के म्हणजे १,६८० बाथ होते. तो फोटो इंटरनेटवर टाकून आणखी कुठे आहे का ते शोधलं तर तीच यॉट कॅरिबियन समुद्रातल्या एका विक्रीच्या जाहिरातीत सापडली, मागच्या बाजूच्या नावासकट. थायलंडमध्ये सहली विकणाऱ्याला तिथल्या पर्यटन विभागाचा परवाना लागतो, त्याला क्रमांक असतो आणि तो तपासता येतो. मी तो मागितलाच नव्हता.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. तिचे पैसे अजून गेले नव्हते. त्यांना नुसतं नाही म्हणण्याआधी तिला तीन गोष्टी मागायला लावल्या. बोटीचं नाव आणि नोंदणीचा कागद, ज्यावर किती माणसं न्यायची परवानगी आहे ते असतं. आजची तारीख लिहिलेला कागद बोटीवर धरून काढलेला व्हिडिओ. आणि परवान्याचा क्रमांक. खऱ्या बोटवाल्याला यातलं काहीच जड नाही. तिला उत्तर आलं की बोट सध्या पाहुण्यांना घेऊन समुद्रात आहे, पण आजच अ‍ॅडव्हान्स दिला तर दहा टक्के सूट.

पानाचं नाव बदललं होतं. फोटो तोच, मागचा भाग तसाच कापलेला. मी माझ्या नवऱ्याच्या फोनवरून त्यांना विचारलं, माया बेमध्ये नांगर टाकून पोहता येईल का?

तीन मिनिटांत उत्तर आलं. "होय सर, अगदी किनाऱ्याजवळ. काही खास साजरं करताय का?"