पट्टी न बघता केलेला धंदा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात मी बावीस वर्षं दिवाणजी आहे. शेतकऱ्याची पट्टी करणं हे माझं रोजचं काम. पोती किती, वजन किती, दर काय निघाला, त्यातून हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल वजा आणि खाली निव्वळ देणं. सौद्यातला दर ऐकून कुणी हरखला की मीच म्हणतो, "दादा, पट्टी हातात येऊ द्या, मग हिशोब करा." अशा माणसाला मोबाइलवर कमिशनची लिंक देऊन कुणी गंडवलं, हे सांगायला लाज वाटते. पण परवा गल्लीतल्या दोन पोरांनी मला तसलीच लिंक पाठवली, म्हणून लिहितोय.

२०२५ चा जून. हळदीची आवक ओसरलेली, दुकानात काम कमी. भाच्याने एका टेलिग्राम ग्रुपात घेतलं. "मामा, स्टेटसला लिंक टाकायची. कुणी त्यावरून वस्तू घेतली की आपल्याला कमिशन. आपल्या खिशातलं काय जातंय?" खरंच काही जात नव्हतं. चौथ्या दिवशी ३१२ रुपये खात्यात आले. घरी येताना भडंग घेऊन आलो आणि बायकोला मोबाइल दाखवला. त्या ३१२ रुपयांनीच माझा घात केला.

मग नात्यागोत्यात, सोसायटीत, हमालांच्या ग्रुपवर, जमेल तिथे लिंक टाकत गेलो. माझी कमाई दाखवणाऱ्या डॅशबोर्डवरचा हिरवा आकडा वाढत होता. २,००० झाले की काढता येतील, असं लिहिलेलं. २,००० झाले तर मर्यादा ५,००० झाली. विचारलं तर उत्तर आलं, "सर, सणाच्या काळात पॉलिसी अपडेट झाली." दसऱ्याच्या सुमारास ती १५,००० वर गेली. नियमांच्या पानावर अगदी खाली एक ओळ होती, किमान रक्कम कधीही बदलण्याचा अधिकार आमच्याकडे राहील. ती मी नंतर वाचली. पट्टीवरची हमाली रोज तपासणारा मी, इथे नियमांचं पान उघडलंसुद्धा नव्हतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. तासगावच्या मामींनी माझ्या लिंकवरून मिक्सर घेतला, भांडं गळतंय म्हणून आठ दिवसांत परत केला. त्यांचे पैसे त्यांना मिळाले. माझ्या डॅशबोर्डवर मात्र त्या मिक्सरचं कमिशन तसंच उभं. मला आनंद झाला होता! पण माल परत गेला की कमिशनही परत जातं, हा या धंद्यातला साधा नियम. खऱ्या कंपनीकडे ऑर्डर पडली की कमिशन आधी 'पेंडिंग' राहतं, परत करायची मुदत संपली की मंजूर होतं आणि त्यानंतरच्या हप्त्यात येतं. ॲमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमात महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पैसे मिळतात. म्हणजे ऑक्टोबरच्या सेलमधलं कमिशन डिसेंबर सरता सरता. तिथे लिंक दाबल्यावर २४ तासांत काही घेतलं किंवा कार्टमध्ये टाकलं तरच ते तुमच्या नावावर पडतं, स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेलं धरत नाहीत आणि पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. हे सगळं कडक वाटतं, पण आधी लिहिलेलं असतं. माझा आकडा पाच महिन्यांत एकदाही खाली आला नाही. असा कुठला धंदा असतो?

नोव्हेंबरात आकडा १८,६४० झाला. 'विड्रॉ' दाबलं. लगेच मेसेज, "सर, दहा टक्के टीडीएस आधी भरा, मग पूर्ण रक्कम रिलीज होईल." दहा टक्के म्हणजे १,८६४. जेवायच्या सुट्टीत यूपीआयने भरले. पाऊण तासात दुसरा मेसेज, आता जीएसटीचे ३,३५५. तिथे हात थांबला.

संध्याकाळी शेठचे सीए वह्या बघायला आले होते. मी भाच्याचं नाव पुढे करून विचारलं. ते हसले. म्हणाले, "दिवाणजी, टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर. तो देणारा कापतो, घेणारा आगाऊ भरत नाही. कापलेला पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या २६एएस उताऱ्यात दिसतो. कमिशनवर दर २ टक्के आहे, आणि एकाच्याकडून वर्षाला २०,००० च्या वर गेलं तरच कापायचा. भाच्याचे किती?" मी आकडा सांगितला. "मग कापायचा प्रश्नच नाही." जरा थांबून म्हणाले, "भाच्याला पॅन मागितलं होतं का?" नव्हतं मागितलं. पाच महिन्यांत कुणी पॅन मागितलं नाही की बँकेचा तपशील. तेव्हाचे ३१२ रुपयेसुद्धा कुणा माणसाच्या यूपीआयवरून आले होते, कंपनीच्या नावाने नव्हे.

भाच्याने नंतर लिंक उकलून दाखवली. विक्री कुणाच्या नावावर धरायची ते सांगणारी खुणेची अक्षरं तिच्यात त्या ग्रुपवाल्यांची होती. म्हणजे मामींच्या मिक्सरपासून शेजाऱ्यांच्या प्रेशर कुकरपर्यंत विक्री झाली ती खरीच, पण दुकानाच्या दप्तरात नाव त्यांचं. माझं नाव फक्त त्यांनी रंगवलेल्या पाटीवर. ग्रुपात हे विचारलं तर दोन मिनिटांत मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लावला. खरं तर रात्रीच लावायला हवा होता. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. पलीकडच्या बाईंनी व्यवहाराचा क्रमांक घेतला, मग रक्कम विचारली. मी म्हणालो, "वीस हजार पाचशे चार." अठरा हजार सहाशे चाळीस अधिक एक हजार आठशे चौसष्ट, बेरीज तोंडपाठ होती.

"साहेब, तुमच्या खात्यातून गेलेली रक्कम सांगा."

"एक हजार आठशे चौसष्ट."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि टाइप केल्याचा आवाज आला.