को-जन उभारताना: टर्नकी की सुटी पॅकेजेस?

को-जन म्हणजे साखर कारखान्यातला उसाच्या बगॅसवर (चिपाडावर) चालणारा वीज प्रकल्प. तो टर्नकी द्यावा, म्हणजे सगळं काम एकाच ठेकेदाराला, की बॉयलर, टर्बाइन, सिव्हिल अशी सुटी पॅकेजेस वेगवेगळ्यांना, हे को-जनचं काम काढलेल्या कारखान्यांचे लोक हमखास विचारतात. मी दोन्ही पद्धतींच्या साइटवर काम केलंय, म्हणून लिहितो.

टर्नकीत जबाबदार माणूस एकच. बॉयलरवाला टर्बाइनवाल्याकडे बोट दाखवतो, टर्बाइनवाला सिव्हिलकडे, ही भांडणं आपल्या टेबलावर येत नाहीत. सुट्या पॅकेजमध्ये ती रोजची असतात. पाइप कुठे संपतो आणि पुढचा कोणी जोडायचा, एवढ्यावरही पत्रापत्री चालते. स्वतःचे दोन-तीन खमके इंजिनिअर नसतील, तर टर्नकीच बरी.

पण मला टर्नकीत एक गोष्ट फार छळून गेली. माल कुठपर्यंत आलाय ते कळतच नाही. बॉयलरचा ड्रम (पाणी-वाफेची मोठी टाकी) वर चढल्याशिवाय ट्यूब जोडता येत नाहीत, ट्यूब पूर्ण झाल्याशिवाय हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) नाही आणि बॉयलर निरीक्षकाच्या मंजुरीशिवाय पुढे सरकता येत नाही. तो ड्रम बनत होता ठेकेदाराच्या उपठेकेदाराकडे, आणि आमचा करार त्याच्याशी नव्हता. फोन केला की "पुढच्या आठवड्यात डिस्पॅच." आमचा माणूस हट्टाने तिथे गेला, तेव्हा प्लेट नुकतीच वाकवायला घेतली होती.

उशिराचा दंड करारात असतो, साधारण आठवड्याला 0.5 टक्के, वर कमाल मर्यादा. त्या पैशाने हंगाम परत येत नाही. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे सोलापूरजवळच्या आहेरवाडीचे 660 मेगावॅटचे दोन संच वर्षभर चालण्यासाठी आहेत. आपलं तसं नाही. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन हुकलं, की गाळप जुन्या बॉयलरवर आणि वीज विक्री पुढच्या वर्षी.

सुट्या पॅकेजमध्ये ऑर्डर आपली, त्यामुळे वर्कशॉपचं दार आपल्याला उघडं असतं. टर्बाइनच्या रोटरचं (फिरणाऱ्या भागाचं) फोर्जिंग, म्हणजे घडवलेला पोलादी गाभा, आलं का, ते डोळ्यांनी पाहता येतं. उशीर तिथेही झाला, पण आम्हाला तो आधी कळला आणि तोवर कूलिंग टॉवरची माणसं पुढे घेता आली.

प्रत्येक कारखान्याची गोष्ट वेगळी, हे मान्य. तरी टर्नकीच द्यायची झाली, तर ड्रम, रोटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या उपठेकेदारांची नावं आणि त्यांच्याकडे थेट तपासणीचा हक्क करारात लिहून घ्या. ठेकेदार कुरकुरेल. मी असतो तर बॉयलर आणि टर्बाइन तरी सुटेच दिले असते.