गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून देतो म्हणाले आणि 1,33,500 रुपये घेऊन गेले

नोंदणीचे 5,000 यूपीआयने. मटेरियलचे 70,000 एनईएफटीने. टाकी खड्ड्यात उतरल्यावर 52,000. आणि 'अनुदानाच्या फाइल'चे 6,500 रोख, ज्याची पावती आजतागायत नाही. एकूण 1,33,500 रुपये. हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच इतके महिने गप्प होते. पण हे पैसे घेणारा तोच माणूस आता पलीकडच्या कॉलनीत दुसऱ्या नावाने पत्रकं वाटतोय असं कळलं, आणि गप्प बसणं जमेना.

पद्धत नेहमीचीच. गळ्यात ओळखपत्र, 'आम्ही पालिकेच्या पॅनेलवर आहोत', मालमत्ता करात सवलत, वर 40 टक्के अनुदान थेट खात्यात. कोटेशन 1,48,000 चं, त्यातले 59,200 परत मिळणार होते. उरलेले 21,000 'अनुदान आल्यावरच द्या ताई' असं तोच म्हणाला. स्वतःचे पैसे मागे ठेवणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? आमच्याकडे मार्च संपला की टँकर सुरू होतात. पाण्यासाठी रोज फोन करणाऱ्या घरात कुणी 'यापुढे टँकर नाही' म्हटलं, तर माणूस ऐकतोच. मी काही हव्यासापोटी गेले नव्हते.

राग येतो तो एका आकड्याचा. कोटेशनच्या पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं: वर्षाला 3 लाख लिटर पाणी. माझी गच्ची 1,000 चौरस फूट, म्हणजे 93 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, इतकं साधं गणित आहे हे. थोडं पाणी उडून, मुरून, सांडून जातं, म्हणून सिमेंटच्या गच्चीला 80 टक्के धरायचे. आमचा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास. 93 गुणिले 600 गुणिले 0.8 केलं की येतात 44,640 लिटर. 3 लाख लिटर मिळायला इथे 4,000 मिलिमीटर पाऊस पडावा लागेल, आणि तेवढा पडतो महाबळेश्वर-आंबोलीकडे, घाटमाथ्यावर. ते पान माझ्या हातात होतं. मी ते वाचलं होतं. गुणाकार केला असता तर पाच मिनिटांत त्याला दारातून परत पाठवला असता. पण तो 'फर्स्ट फ्लश', 'रिचार्ज शाफ्ट', 'मायक्रॉन' असं धडाधड बोलत होता, आणि समोरचा जाणकार आहे म्हटल्यावर त्याचा आकडा आपण पुन्हा मांडून बघत नाही. तुम्ही मात्र मांडा. गच्ची स्वतः मोजा, आपल्या तालुक्याचा पाऊस बघा आणि कोटेशन देणाऱ्याच्या समोर बसून गुणाकार करा.

टाकी ठरली होती जमिनीखालची, 5,000 लिटरची. ती आली तेव्हा मी टेप घेऊन खड्ड्यापाशी गेले, तर 'ताई, बाजूला व्हा, कड ढासळेल' म्हणून मला मागे सारलं आणि संध्याकाळपर्यंत माती लोटून वर फरशी बसवलीसुद्धा. मोठ्या पावसात कळलं. साधारण 40 मिलिमीटर पाऊस झाला आणि टाकी भरून ओव्हरफ्लो वाहू लागला. तेवढ्या पावसाचं माझ्या गच्चीवरून येणारं पाणी जेमतेम 3,000 लिटर! नंतर फरशी उखडून मोजलं: व्यास दीड मीटर, उंची 1.7 मीटर. 3,000 लिटरच. प्लॅस्टिकच्या टाकीसाठी आयएस 12701 हे मानक आहे. टाकीवर आयएसआयची खूण आणि परवान्याचा सीएम/एल क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून बघता येतो. माझ्या टाकीवर नुसतं चकचकीत स्टिकर होतं. जमिनीखाली जाणारी कोणतीही वस्तू मोजल्याशिवाय, फोटो काढल्याशिवाय झाकू देऊ नका, मजूर कितीही घाई करोत.

पण पैशापेक्षा जास्त संताप बोअरचा आहे. ओव्हरफ्लो शोषखड्ड्यातून गाळून बोअरला जाणार होता. खड्डा खणून घेतला तर वर वीतभर खडी आणि खाली इमारतीचा राडारोडा. वाळूचा थरच नाही. पाइप सरळ बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या भोकात बसवलेल्या नळीत, घुसवलेला. पहिल्या पावसात गच्ची धुऊन जे निघतं, धूळ, पालापाचोळा, कबुतरांची घाण, ते बाहेर सोडायला व्हॉल्व्ह लागतो. तोही नव्हता. ती सगळी घाण थेट भूजलात गेली. पाणी तपासलं, कोलिफॉर्म जिवाणू निघाले, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण. शेजारच्या दोन घरांचे बोअर त्याच खडकातले आहेत, त्यांना मी काय तोंड दाखवू? गाळणी नीट नसेल तर बोअरला पावसाचं पाणी अजिबात सोडू नका. झाडांना घाला, गटारात जाऊ द्या, पण बोअरमध्ये नको.

आता अधिकाऱ्यांचं ऐका. पालिकेत पाणीपुरवठा म्हणे बांधकाम विभागाकडे जा, बांधकाम म्हणे पर्यावरणकडे, आणि पर्यावरणच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की असं पॅनेलच नाही. मग पालिकेचं बोधचिन्ह छापून माणूस घरोघर फिरतो, तेव्हा कुणालाच कसं दिसत नाही? बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवाल्यांनी सांगितलं, काम झालंय, म्हणजे ही सायबर फसवणूक नव्हे. पोलीस ठाण्यात तर 'खड्डा खणला ना, टाकी दिली ना, मग हा दिवाणी मामला' असं म्हणून अर्जावर शिक्का मारून मला घरी पाठवलं. खोटं ओळखपत्र, खोटं अनुदान दाखवून पैसे काढणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे. 'घेण्याआधी चौकशी करायची होती', हे वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकलं. चौकशी कुणाकडे करायची होती? याच टेबलांकडे ना?

कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. हे पैसे देण्याआधी फुकटात बघता येतं. अनुदान आणि करसवलतीची चौकशी स्वतः खिडकीवर जाऊन करा आणि 'फाइल'साठी रोख कुणालाही देऊ नका. शेवटचा मोठा हप्ता एक पाऊस पडून गेल्यावरच द्या.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, वकील सक्तीचा नाही. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. मी पाठवली आहे, उत्तराची वाट बघते आहे. आणखी कुणी असेच अडकले असाल तर लाजून बसू नका, कोटेशन आणि पैसे भरल्याचे पुरावे घेऊन आपापल्या ठाण्यात अर्ज द्या. एकाच माणसाविरुद्ध पाच-सहा अर्ज एकत्र आले की त्याला दिवाणी म्हणणं त्यांनाही जड जाईल.