ताजी फळे कपाने मोजावीत की काट्यावर तोलावीत?

हंगामात जॅम, मुरांबा किंवा फळांचा केक करायला घेणाऱ्याने फळ कपाने मोजायचे की काट्यावर तोलायचे, हे आधी ठरवलेले बरे. दोन्ही पद्धती चालतात, परंतु सरसकट एकीच्या जागी दुसरी वापरता येत नाही. कारण कपात फळाबरोबर फोडींमधली पोकळीही मोजली जाते आणि ती पोकळी किती, हे चिरण्यावर अवलंबून असते.

स्ट्रॉबेरीत हा फरक ठळक दिसतो. अमेरिकी पाककृतींतील कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो. त्यात अख्खी स्ट्रॉबेरी साधारण १४५ ग्रॅम बसते, चकत्या केल्या तर १६५ ग्रॅमच्या आसपास, आणि मिक्सरमधून काढलेला गर भरला तर तोच कप २३० ग्रॅमपर्यंत जातो. आता ‘एक कप स्ट्रॉबेरीला एक कप साखर’ हे प्रमाण घ्या. कपभर साखर सुमारे २०० ग्रॅम भरते. म्हणजे चकत्या मोजल्या तर साखर फळापेक्षा जास्त पडते आणि गर मोजला तर कमी. जॅम टिकतो तो साखर फळातले पाणी धरून ठेवते म्हणून. कमी साखरेचा जॅम पुरेसा आटला नाही, तर बरणीत लवकर बुरशी धरते. त्यामुळे टिकाऊ पदार्थ करायचा असेल, तर माझ्या मते काट्याला पर्याय नाही.

केकचेही तसेच आहे. केळ्याच्या चकत्या कपात सुमारे १५० ग्रॅम बसतात, तर कुस्करलेले केळे २२५ ग्रॅम. चकत्यांच्या मापाऐवजी कुस्करलेले केळे घातले, तर मिश्रणात केळ्याचा ओलावा दीडपट होतो आणि केक मधोमध गच्च राहतो. त्यातच कपही सगळीकडे सारखा नसतो : ऑस्ट्रेलियातील कप २५० मिलिलिटरचा, आपल्याकडे मिळणारे संच २४० किंवा २५० मिलिलिटरचे, आणि घरातल्या वाटीचा तर काहीच नेम नाही.

तरीही वाटीला कमी लेखू नये. ‘एक वाटी कैरीच्या किसाला दीड वाटी साखर’ हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, कारण दोन्ही जिन्नस एकाच वाटीने मोजले जातात आणि वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण तेच राहते. अट एवढीच की, कीस एकदा चेपून आणि एकदा मोकळा भरू नये. डाळिंबाचे दाणे एकसारखे असल्याने कपात जवळजवळ सारखेच बसतात. कपभर दाणे सुमारे १७५ ग्रॅम धरायला हरकत नाही. शिकरण, कोशिंबीर किंवा फ्रूट सॅलडसाठी तर काटा काढण्याचे कारणच नाही.

काट्यावरही एका ठिकाणी फसगत होते. ‘अर्धा किलो आंबा’ म्हणजे अख्खे फळ की सोललेल्या फोडी, हे पाककृतीत स्पष्ट नसेल, तर साल आणि कोय गेल्यावर हाती बरेच कमी उरते. अननसाचे तर जवळजवळ निम्मे वजन सालीत आणि दांड्यात जाते. बाजारातून आणताना हे धरूनच खरेदी करावी आणि कृतीसाठीचे वजन फळ साफ केल्यावरच घ्यावे.

घरी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा असेल, तर कपातली पाककृती वजनात आणणे अवघड नाही. रिकामा कप काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, कृतीत सांगितल्याप्रमाणे चिरलेले फळ न दाबता काठापर्यंत भरावे, आणि आलेले वजन कपाच्या मिलिलिटरसह पाककृतीशेजारी लिहून ठेवावे. आंब्याच्या फोडींसाठी २३७ मिलिलिटरच्या कपाला १६५ ग्रॅम आणि चिरलेल्या सफरचंदासाठी १२५ ग्रॅमच्या जवळपास आकडा आला, तर माप बरोबर भरले आहे असे समजावे. फार पुढेमागे गेला, तर फोडींचा आकार पाहावा.