ओरायन, लिअँडर की इव्हँडर?

माझी भाची टेक्सासात असते. जावई तिकडचाच, आईकडून ग्रीक. मुलगा होणार हे कळल्यापासून दोघांची एकच अट आहे: नाव ग्रीक पुराणातलं हवं, पण वर्गात त्या नावाचा दुसरा कुणी नको. जेसन पहिल्याच फेरीत गेला, कारण सत्तरच्या दशकात अमेरिकेत जेसन पैशाला पासरी होते. आता तीन नावं उरलीत, आणि 'मामा, तूच सांग' म्हणून ती यादी माझ्या गळ्यात आली आहे. असाच घोळ आणखी कुणाच्या घरी चालू असेल तर माझा हिशेब इथे मांडतो.

आधी ओरायन. आकाशाकडे बघणाऱ्याला हे नाव परकं नाही, कारण ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. चार पायांचे चार तारे, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे लखलखणारा व्याध. गंमत अशी की ग्रीकांनी त्याच ताऱ्यांत शिकारी पाहिला आणि आपल्या लोकांनी हरीण. त्यांचा शिकारी तो आपल्याकडे शिकार. त्या बाणाचा त्यांनी कमरपट्टा केला, आणि व्याधाला केलं शिकाऱ्याचा कुत्रा.

नावाचा अर्थ मात्र कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. ग्रीकमध्ये 'सीमा' या अर्थाचा एक शब्द आहे, त्याच्याशी काही जण नातं जोडतात. काही जण प्राचीन इराकातल्या अक्कादी भाषेतल्या 'उरु-अन्ना', म्हणजे आकाशाचा प्रकाश, याकडे बोट दाखवतात. आणि आपल्या लोकमान्यांनी १८९३ साली 'ओरायन' याच नावाचा इंग्रजी ग्रंथ लिहून वेदांचा काळ मृगातल्या वसंतसंपातावरून (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाचं सूर्याचं स्थान) मागे नेला, तेव्हा हा शब्द संस्कृत 'आग्रयण'शी जोडून दाखवला. भाषाशास्त्रज्ञांनी ती व्युत्पत्ती उचलली नाही, पण मंडालेच्या आधीचे टिळक ग्रीक नावाचा पिच्छा पुरवताहेत हे चित्र मला आवडतं.

कथा मात्र नाव ठेवण्याआधी पूर्ण वाचावी. ओरायनच्या जन्माची एक गोष्ट अशी की तीन देवांनी बैलाच्या कातड्यावर मूत्रविसर्जन केलं, ते कातडं जमिनीत पुरलं आणि त्यातून हा निघाला. ग्रीकमध्ये मूत्राचा शब्द नावाशी जुळतो, म्हणून ही गोष्ट रचलेली. पुढे खिऑस बेटावर त्याने राजकन्येवर हात टाकला आणि राजाने त्याचे डोळे काढले. मेला तो विंचवाच्या नांगीने, किंवा दुसऱ्या कथेत शिकारीची देवी आर्टेमिस हिच्या बाणाने. म्हणूनच म्हणे वृश्चिक उगवला की ओरायन मावळतो. नासाने चांद्रमोहिमेला नाव दिलं आर्टेमिस आणि यानाला ओरायन. २०२२ च्या अखेरीस ते चंद्राला वळसा घालून सुखरूप परत आलं. बाईने या खेपेला सोडून दिलं म्हणायचं.

पण अट दुर्मीळपणाची होती, आणि ओरायन तिथेच मार खातो. अमेरिकेत बाळांच्या नावांचा हिशेब सोशल सिक्युरिटीचं सरकारी खातं ठेवतं. १८८० पासूनच्या याद्या कुणालाही चाळता येतात, आणि एका वर्षात पाच बाळांना दिलेलं नावसुद्धा त्यांत सापडतं. नव्वदच्या दशकात ओरायन पहिल्या हजारांत आला आणि तेव्हापासून वर चढतोच आहे. ग्रीक पुराणातलाच अॅटलस त्याच्याही पुढे निघून गेला. तेव्हा 'कुणाकडेच नाही' या भरवशावर ओरायन ठेवणाऱ्याने ही यादी एकदा उघडून बघावी.

लिअँडरचं उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो अमेरिकेत बऱ्यापैकी चालायचा. आज आजोबांच्या पिढीचं नाव वाटतो. जर्मनीत, नॉर्वेत मात्र अजून कानावर येतं. स्पॅनिश-पोर्तुगीज मुलखात लेआंद्रो सर्रास आहे, त्यामुळे टेक्सासात शेजारच्या वर्गात एखादा लेआंद्रो निघायचाच.

आपल्याकडे हे नाव सांगायला स्पेलिंग लागत नाही. १९९६ ला अटलांटात ब्राँझ जिंकून लिअँडर पेसने ते घरोघरी पोचवलं. जन्म कलकत्त्याचा, वडील गोव्याचे. वडीलही म्युनिकच्या ऑलिंपिकात हॉकीचं ब्राँझ घेऊन आलेले. माझ्या बहिणीने यादी वाचली आणि याच नावावर बोट ठेवलं, "हा तर आपला टेनिसवाला."

अर्थ आणखी जवळचा. 'लेओन' म्हणजे सिंह, 'अँडर' म्हणजे पुरुष. सिंह आणि नर, थोडक्यात नरसिंह. हे ऐकल्यावर बहीण म्हणाली, "मग सरळ नरहरी ठेवा की."

कथा सुंदर, पण ओली. आजच्या तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीच्या एका काठावर सेस्टॉस, दुसऱ्या काठावर अबिडॉस. सेस्टॉसच्या बुरुजात प्रेमदेवता अफ्रोदितीची पुजारीण, तिचं नाव हीरो (हो, हीरो ही नायिका आहे). लिअँडर रोज रात्री तिने लावलेल्या दिव्याच्या अंदाजाने पोहत जायचा. एका वादळी रात्री दिवा विझला, तो बुडाला, आणि सकाळी त्याला पाहून तिने बुरुजावरून उडी टाकली. ३ मे १८१० ला कवी बायरनने तीच सामुद्रधुनी पोहून पार केली, एक तास दहा मिनिटांत, आणि ही बढाई तो पुढे आयुष्यभर मारत राहिला. भाचीच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे. मी एवढंच म्हणतो.

इव्हँडरला मी शेवटी ठेवलं, कारण माझा कौल त्याला आहे.

यातलाही 'अँडर' तोच. ग्रीक 'आनेर' आणि आपला 'नर' हे एकाच मुळाचे. पुढचा 'एउ' म्हणजे चांगला, आणि तो आपल्या 'सु'चा सख्खा भाऊ. म्हणजे सु-नर. शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या घरातले निघावेत आणि तरी नाव पक्कं ग्रीक असावं, असं जावई आणि सासुरवाडी दोघांना एकदम खूश करणारं नाव मिळायला नशीब लागतं.

कथेत हा योद्धा नाही, आणि प्रेमवीरही नाही. ग्रीसमधल्या आर्केडियातून मुलूख सोडून निघालेला, इटलीत टायबरकाठच्या टेकडीवर वस्ती करून राहिलेला हा राजा. रोमन लोक मानत की लिहिण्याची कला त्याने तिकडे नेली. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रॉयहून आलेला ईनिअस त्याच्याकडे मुक्कामाला येतो. म्हातारा इव्हँडर त्याला आसपासची जागा हिंडून दाखवतो. जिथे पुढे रोमचा फोरम, म्हणजे मुख्य चौक, उभा राहायचा, तिथे गुरं हंबरताहेत. मग आपल्या ठेंगण्या घरात वाकून यायला सांगतो आणि पानांच्या बैठकीवर अस्वलाचं कातडं अंथरून पाहुण्याला बसवतो. पुढे त्याच पाहुण्याच्या लढाईत इव्हँडरचा मुलगा पालास मारला जातो, म्हणजे दुःख याही घरात आहेच. पण परमुलखात घर मांडून आल्यागेल्याला जेवू घालणारा माणूस, हे नाव परदेशात राहणाऱ्या भाचीच्या पोराला शोभेल असं मला वाटतं.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हे नाव एका जुन्या गेलिक नावाचं इंग्रजी रूप म्हणून वापरायचे, त्यामुळे तिकडच्यांना ते ग्रीक वाटतही नाही. अमेरिकेत मात्र कुणीही आधी मुष्टियोद्धा होलिफील्डच म्हणणार. १९९७ च्या लढतीत टायसनने कान चावला तो हा इव्हँडर. शाळेत पोरं कानावरून चिडवतील, ही भीती जावयाची. माझं म्हणणं, त्या वर्गातल्या पोरांच्या जन्माआधीची गोष्ट आहे ती, चिडवणार कोण?

आता जिभेचा प्रश्न. ओरायन मराठीत लोण्यासारखा चालतो: ओरायनचा डबा, ओरायनला बोलाव. लाडाचं 'ओऱ्या' आपोआप होतं. लिअँडरचं तिकडे 'ली' किंवा 'लिओ' होणार, आणि लिओ म्हटलं की दुर्मीळपणा गेला, गल्लीत चार लिओ. इव्हँडरलाही 'इव्हन'चा धोका आहे. ते वेल्श नाव, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यापेक्षा 'व्हॅन' बरं, जरी मराठी कानाला ती शाळेची गाडी वाटली तरी. बहिणीने फोनवर तिन्ही नावं हाका मारून पाहिली. इव्हँडरचं तिच्या तोंडात दुसऱ्याच हाकेला 'इंदर' झालं. मला ते चाललं.

तेव्हा नाव खरोखर एकट्याचंच हवं असेल तर इव्हँडर. भारतात येणंजाणं बरंच असेल आणि दर वेळी समजावत बसायचं नसेल तर लिअँडर. ओरायन ठेवायचाच तर तो आकाशासाठी ठेवा, दुर्मीळ म्हणून नको.

जावई मात्र ओरायनवर अडून बसलाय. तारीख डिसेंबरच्या मध्याची आहे, म्हणजे मार्गशीर्ष. त्या महिन्याला नावच मृगशीर्षावरून पडलंय, आणि तेव्हा संध्याकाळी पूर्वेला वर आलेला मृग रात्रभर डोक्यावर असतो. हे मी त्या दोघांना अजून सांगितलेलं नाही.